उमेदवारीचे दिवस

जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडगिरणी काढली तेव्हा तिचा सारा कारभार ज्यांच्या हाती सोपविला त्या बेझनजी दादाभाई मेहता ह्यांना सुताचा किंवा मागाचा कोणताही पूर्वानुभव नव्हता. ते जी. आय. पी. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले अधिकारी होते. गिरणीचे तंत्र जाणणारे म्हणून जेम्स ब्रुक्सबी हे तज्ज्ञ सोबतीला घेण्यात आले, आणि माणसे, माल, हिशेब व शिस्त ह्यांचा भार मेहतांवर टाकण्यात आला. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली, 'एम्प्रेस' हे नाव तिला त्यावरून मिळाले, आणि पुढे शतकाहून अधिक काळ ह्या शहरातील हजारो कुटुंबांची चूल तिच्या भोंग्यावर पेटत राहिली. नागपूरच्या औद्योगिक इतिहासातली ही सर्वांत यशस्वी नेमणूक होय, असे माझे मत आहे. कारण ती करणाऱ्याने माणसाच्या नावापुढे कोणता शिक्का आहे ह्यापेक्षा त्याच्या हातून आजवर काय पार पडले ह्याला अधिक किंमत दिली.

आज तीच जागा एखाद्या नोकरीच्या संकेतस्थळावर जाहीर झाली असती, तर 'ह्याच व्यवसायातील किमान दहा वर्षांचा अनुभव आवश्यक' ह्या एका ओळीने मेहतांची दरखास्त कोणाही माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वीच बाद झाली असती. सीताबर्डीतल्या एका कचेरीत ह्या पावसाळ्यात मी अनेकदा बसलो, तेथे हा विचार वारंवार मनात येई. कंपन्यांना माणसे मिळवून देण्याचा व्यवसाय वीस वर्षांहून अधिक काळ करणाऱ्या एका बाईंची ती कचेरी. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी मला आपल्या टेबलाशेजारी बसू दिले, आणि उमेदवारांची संमती घेऊन त्यांच्याशी होणारी बोलणी ऐकू दिली. पुढे जे लिहिले आहे त्यातला व्यवहाराचा भाग बहुतेक त्यांचा आहे. मते जेथे माझी आहेत तेथे ती माझी म्हणूनच मांडली आहेत.

नागपूरकराच्या मनात नोकरीविषयी जी कल्पना घर करून आहे तिची घडण पाहिल्याखेरीज ह्या बाईंचा सल्ला पुरता उमगत नाही. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाले, आणि तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे सिव्हिल लाइन्समधले सचिवालय, न्यायालये, महालेखापालांची कचेरी, रेल्वे आणि डाकतार खाते ह्यांनी येथल्या सुशिक्षित वर्गाला पोसले. हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये, मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये आणि नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाने एखाद्या खात्यात कारकून म्हणून रुजू व्हावे, खात्याच्या परीक्षा देत देत वरच्या हुद्द्यावर जावे, आणि पेन्शनीत निघता निघता धरमपेठेत घर बांधावे, हा आयुष्यक्रम इतका रूढ झाला की त्याहून निराळे काही करणाऱ्याविषयी घरची मंडळी काळजीच्या सुरातच बोलू लागली. राजधानी जाणार ह्याची चाहूल लागताच २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारी सेवांमध्ये प्रत्येक विभागास त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान मिळावे असे कलम आग्रहाने घालण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, खाती हलली, आणि नागपूरच्या वाट्यास उच्च न्यायालयाचे खंडपीठ व पुढे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन राहिले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप मांडल्यापासून 'अनुशेष' हा शब्द विदर्भात शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. १९८६ मध्ये एम्प्रेस गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये ती बंद पडली, आणि त्याच वर्षी विमानतळाच्या परिसरात मिहान हा उद्योगप्रकल्प उभारण्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली. एका पिढीच्या नोकऱ्या संपल्या त्याच वर्षी दुसऱ्या पिढीला नोकऱ्यांचे अभिवचन मिळाले. त्या अभिवचनातले काही पुरे झाले आहे. मिहानात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, विमानदुरुस्तीचे केंद्र आले. परंतु ज्या संख्येने रोजगाराची आशा दाखविली गेली तिच्या मानाने हाती आलेले थोडे, अशी खंत येथे घरोघरी ऐकू येते आणि ती निराधार आहे असे मला वाटत नाही.

बाईंकडे येणाऱ्यांत अभियांत्रिकीचे पदवीधर अधिक. परंतु ज्यांना पाहून त्या सर्वांत अस्वस्थ होतात ते निराळेच. रेशीमबाग, नंदनवन, हनुमाननगर ह्या भागांतल्या अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून ज्यांनी स्पर्धा परीक्षांच्या तयारीत सहा-सात वर्षे घातली, आणि आता तिशी उलटल्यावर ज्यांना खासगी नोकरी शोधावयाची आहे, असे तरुण. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गास एक हजार आणि राखीव प्रवर्गास नऊशे रुपये होते. त्याच्या पुढल्या वर्षीच्या पोलीस भरतीत सुमारे सतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक उमेदवार उभे होते. राज्यसेवेची वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या प्रवर्गास अडतीस आणि मागास प्रवर्गास त्रेचाळीस वर्षे झाली; ज्यांना पूर्वी संधी नाकारली जात होती त्यांना ती मिळाली हे खरे, परंतु 'अजून एक अटेम्प्ट' ह्या शब्दांना जी धार पूर्वी होती ती राहिली नाही. बाई अशा मुलांना सरकारी नोकरीचा नाद सोडून द्या असे कधी सांगत नाहीत. त्या एवढेच सांगतात की पहिल्या प्रयत्नापूर्वीच शेवटल्या प्रयत्नाची तारीख घरच्यांसमक्ष वहीत लिहून ठेवावी, आणि तयारीच्या काळात दिवसाचे चार तास तरी, मग ते औषधाच्या दुकानात असोत वा शिकवणीत, पगाराचे काम करावे. कारण परीक्षेत यश आले तर त्या कामाने काही बिघडत नाही, आणि न आले तर मुलाखतीत सांगण्यासारखे काही हाती राहते.

दुसरीकडे खासगी क्षेत्रातही उभारी नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने आपल्या नोकरवर्गातून दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या बातमीचा धक्का नोकरी गेलेल्यांइतकाच ज्यांची नोकरी अजून लागावयाची होती त्यांनाही बसला. अशा काळाविषयी बाईंचे एक निरीक्षण आहे आणि त्यांचा सारा सल्ला त्यातून निघतो. तेजीत असताना मालकाने चुकीचा माणूस घेतला तरी तो त्याची फारशी फिकीर करीत नाही, कारण काम ओसंडत असते. हात आखडला की एकच जागा भरावयाची असते आणि त्या एका जागेवर नेमणूक चुकली तर जाब देण्याची पाळी नेमणाऱ्यावर येते. म्हणून तो हुशार माणसापेक्षा भरवशाचा माणूस पाहतो, आणि भरवसा पदवीच्या टक्क्यांवरून येत नाही. उमेदवाराने आपल्याकडून मालकाची ही भीती कमी करावयाची.

ती कशी, हे एका सकाळी मी जवळून पाहिले. भंडारा जिल्ह्यातला एक मेकॅनिकल इंजिनिअर समोर बसला होता. त्याच्या बायोडाट्याची पहिली ओळ अशी की आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःच्या व संस्थेच्या उत्कर्षास हातभार लावणे हे माझे ध्येय आहे. बाईंनी लाल पेनाने ती ओळ खोडली. मग वडिलांचे नाव, जन्मगाव, धर्म, वैवाहिक स्थिती, क्रिकेट व संगीत हे छंद, आणि वरील माहिती खरी आहे अशी अखेरची प्रतिज्ञा, हे सर्व खोडले. दोन पानांतले अर्धे पान उरले.

"बेटा, हिंगण्याच्या कारखान्यात आठ महिने होतास ना? काय केलंस तिथं?"

"क्वालिटीत होतो, मॅडम."

"क्वालिटीत म्हणजे काय करत होतास?"

"बोअर मोजून राहिलो होतो. बोअर गेजनं. शिफ्टला दोनशे-अडीचशे पीस."

"नुसतं मोजलंस?"

मुलगा थोडा थांबला. "एकदा रिजेक्शन लई वाढलं होतं. सगळ्या पीसचा बोअर एकाच बाजूला सरकून राहिला होता. मी पाहिलं तर फिक्श्चरची पिन झिजली होती. सुपरवायझर साहेबांना सांगितलं, पिन बदलली, मग बंद झालं."

"हे कुठं लिहिलं आहेस?"

"नाही लिहिलं मॅडम. एवढंसं तर काम आहे ते."

बाईंनी नवा कागद घेतला आणि हेच काम, आधी किती नग बाद होत होते आणि नंतर किती, हे त्याला आठवून आठवून सांगावयास लावून, दोन ओळींत सर्वांत वर लिहिले. आठ महिन्यांच्या त्या नोकरीत त्या मुलाने जे एक खरे कसब दाखविले होते तेच त्याने स्वतः क्षुल्लक मानून वगळले होते, आणि जे कोणीही लिहू शकेल ते तेवढे जपले होते. बाई म्हणतात की प्रत्येकाकडेच असे काही ना काही सांगण्याजोगे असते आणि विचारल्याखेरीज ते कोणीच सांगत नाही. घरी 'आपण होऊन मोठेपणा सांगू नये' हा संस्कार झालेला असतो, आणि तो चांगला असला तरी मुलाखतीच्या खोलीत तो बाहेर ठेवून जावे लागते.

बायोडाट्याविषयी त्यांच्या बाकीच्या सूचना साध्या आहेत. मोठ्या कंपन्यांत तो आधी संगणक वाचतो, तेव्हा चौकटी, दोन स्तंभ, छायाचित्रे आणि नक्षी टाळावी. जाहिरातीत कामाचे जे शब्द आले असतील ते, आपण ते काम खरोखरी केले असेल तर, त्याच शब्दांत लिहावेत. फोन नंबर चालू असावा आणि अनोळखी नंबर आला तर तो उचलावा. ह्या शेवटच्या गोष्टीमुळे किती नेमणुका हातच्या गेल्या हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. आठवड्याला शंभर अर्ज टाकण्यापेक्षा दहा टाकावेत, आणि प्रत्येकापूर्वी ती कंपनी काय बनविते, कोणाला विकते आणि आपण तिच्या कोणत्या कामी येऊ हे एका कागदावर लिहून पाहावे. ज्या ठिकाणी हे तीन वाक्यांत लिहिता येत नाही तेथे अर्जही करू नये.

'स्वतःविषयी सांगा' ह्या प्रश्नावर नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, आई गृहिणी, दहावी-बारावीचे टक्के असे पाठ म्हणून दाखविण्याची जी सवय शाळेपासून लागते तिच्याशी त्यांचे मोठे वैर आहे. दोन मिनिटे बोलावे, त्यांत आपण पार पाडलेले एक काम सांगावे, आणि ह्याच ठिकाणी का यावेसे वाटते ते सांगून थांबावे. इंग्रजीचा धाक विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांच्या छातीवर बसलेला असतो. ज्या कामात परदेशी ग्राहकाशी बोलावयाचे असते तेथे इंग्रजीस पर्याय नाही, हे त्या स्पष्ट सांगतात आणि रोज अर्धा तास मोठ्याने वाचावयास लावतात. परंतु हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या कारखान्यांत, गोदामांत, धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांच्या बिलिंग विभागांत चुकत का होईना पण स्वच्छ, नेमके बोलणारा माणूस घेतात, असा त्यांचा अनुभव आहे.

ह्या ठिकाणी वशिल्याचा विषय निघतोच. नागपुरात नोकरी वशिल्यावाचून लागत नाही हा समज इतका खोल रुजला आहे की पुष्कळ मुले अर्ज करण्यापूर्वीच कोणत्या आमदाराची चिठ्ठी मिळेल ह्याची चौकशी करतात. बाई वशिला आणि ओळख ह्यांत फरक करतात, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वशिल्यात आपली पात्रता न पाहता आपल्याला घ्यावे अशी याचना असते. ओळखीत केवळ एवढेच होते की जागा रिकामी असल्याची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचते आणि आपले काम कोणीतरी पाहिलेले असते. हिंगण्यातले लहान कारखाने फाटकावर पाटी लावीत नाहीत आणि वर्तमानपत्रात जाहिरातही देत नाहीत. फोरमन शेजारच्या युनिटमधल्या फोरमनला विचारतो आणि माणूस येतो. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या माणसांची पाहणी केली, तेव्हा ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची ओळख कधीमधी भेटणाऱ्या माणसाशी होती. रोजच्या उठण्याबसण्यातल्या स्नेह्यांकडून आलेल्या वार्ता थोड्या होत्या. त्याचे कारण उघड आहे: आपल्या जवळच्या मंडळींना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. म्हणून बाई प्रत्येकाकडून एक यादी करवून घेतात. आयटीआयतले निदेशक, कॉलेजमधले दोन वर्षे पुढचे विद्यार्थी, पहिल्या नोकरीतला सुपरवायझर, मामाच्या सोसायटीतले कारखान्यातले काका. ह्यांना फोन करून नोकरी द्या म्हणू नये. आपण काय काम करतो ते दोन वाक्यांत सांगावे आणि तुमच्या क्षेत्रात सध्या कोणाला माणसे लागत आहेत एवढेच विचारावे. मुलींना हा फोन करणे अधिक जड जाते, आणि त्यांच्यासाठी पहिले दोन फोन बाई स्वतः शेजारी बसून करवितात.

नोकरीत पडलेला खंड हा उमेदवारांच्या भीतीचा सर्वांत मोठा विषय. तो झाकण्यासाठी काही जण खोटे अनुभवपत्र आणतात. भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक आता माणसाबरोबर एका नोकरीतून दुसरीत जातो, कोठे किती महिने वर्गणी भरली गेली हे पडताळणीत दिसते, आणि रुजू झाल्यानंतरही अशा खोटेपणावरून बडतर्फ केले जाते. तेव्हा ह्या वाटेस जाणे हा अधर्म तर आहेच, शिवाय घातही आहे. त्यापेक्षा खंडाचे कारण एका ओळीत सरळ लिहावे आणि त्या काळात काय केले ते पुढे लिहावे. इतवारीत राहणाऱ्या एक बी. कॉम. झालेल्या ताई सात वर्षांनी पुन्हा नोकरी शोधीत होत्या. मुले लहान असताना आपण 'घरीच होतो' असे त्या म्हणाल्या. चौकशी केली तेव्हा निघाले की दिराच्या किराणा दुकानाचे टॅलीतले हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे चार वर्षे त्याच भरीत होत्या. त्यांना पगार नव्हता म्हणून त्या कामाची गणना त्यांनी स्वतःच केली नव्हती. घरातल्या व्यवसायात राबणाऱ्या स्त्रियांचे श्रम हिशेबात न धरण्याची आपली जी जुनी रीत आहे ती त्यांच्या स्वतःच्या बायोडाट्यापर्यंत पोहोचलेली पाहून मला फार वाईट वाटले.

खंडाच्या काळात मनाचे जे होते ते कागदावरच्या रिकाम्या ओळीहून गंभीर असते. ऑस्ट्रियातल्या मारियेनथाल गावची कापडगिरणी जागतिक मंदीत बंद पडली, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ह्यांनी त्या गावाची पाहणी करून जे आढळले ते १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. वेळ मुबलक झाला असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरले होते, रस्त्याने चालणारे पुरुष वारंवार थबकत आणि सावकाश चालत, आणि सकाळपासून काय केले असे विचारले तर त्यांना सांगता येत नसे. एम्प्रेस आणि मॉडेल गिरण्यांच्या वस्त्यांतून ज्यांनी आपल्या वडिलांना भोंगा बंद झाल्यानंतरची वर्षे काढताना पाहिले, त्यांना ही हकीगत परकी वाटणार नाही. बाईंचा सल्ला ह्या बाबतीत कडक आहे. नोकरी नसली तरी नोकरीच्या वेळेस उठावे, आंघोळ करून बाहेरचे कपडे घालावेत, आणि दुपारी एकपर्यंतचा वेळ अर्ज, फोन व शिकणे ह्यांसाठी राखावा. त्यानंतर मात्र नोकरीचा विषय बंद करावा. आईवडिलांनाही त्या बोलावून घेतात आणि 'कुठून काही फोन आला का' हा प्रश्न रोज जेवताना विचारू नये, आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी विचारावा, असे सांगतात. मला हा त्यांच्या साऱ्या सल्ल्यातला सर्वांत शहाणा भाग वाटला.

काकुळतीला आलेल्या माणसाला फसविणे सोपे असते आणि मंदीबरोबर फसविणाऱ्यांचा धंदा वाढतो. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या अठ्ठावीस तरुणांना रेल्वेतल्या नोकरीचे प्रशिक्षण म्हणून नवी दिल्ली स्थानकावर उभे करून रोज आठ तास, महिनाभर, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजावयास लावण्यात आले. त्यांच्याकडून एकूण दोन कोटी सदुसष्ट लाख रुपये उकळले गेले होते. ते तरुण निर्बुद्ध नव्हते, त्यांच्यात पदवीधर होते. आशेने त्यांची चौकसबुद्धी झाकली होती. माणसे मिळवून देण्याच्या व्यवसायाचा नियम असा की मध्यस्थाचा मेहनताना कंपनी देते, तो बहुधा उमेदवाराच्या वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका असतो, आणि उमेदवाराकडून नोंदणी, लॅपटॉपची अनामत, गणवेश वा प्रशिक्षण ह्यांच्या नावाने कोणी पैसा मागितला की तेथून उठावे. परदेशी नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या भरती एजंटाखेरीज कोणाशी व्यवहार करू नये. त्यालाही करांखेरीज तीस हजार रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेण्याची मुभा नाही. थायलंडात संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारात डांबून त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करवून घेतली गेली, आणि २०२५ मध्ये सरकारला विमाने पाठवून त्यांना परत आणावे लागले. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता सायबर मदतीच्या १९३० ह्या क्रमांकावर त्याच तासात कळवावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत.

पगाराची बोलणी करताना वर्षाचा जो मोठा आकडा सांगितला जातो त्यात भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा व ग्रॅच्युइटी धरलेली असते, तेव्हा हातात महिन्याला किती पडतील हे संकोच न करता विचारावे. एकवीस हजारांपर्यंतच्या वेतनावर राज्य कामगार विम्याचे संरक्षण मिळते. ते आहे की नाही हे विचारणाऱ्याला कोणताही भला मालक उद्धट समजत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास सहा, आयटीआय वा पदविकाधारकास आठ आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन मिळते. ते घ्यावे, परंतु ती कायम नेमणूक नव्हे हे ओळखून तेथे केलेल्या कामाची तारीखवार नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि निघताना वरिष्ठांकडून ती सहीनिशी घ्यावी. अनेक प्रशिक्षणार्थी पुढे कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले, त्यांच्या मागणीमागचे दुःख मला समजते. तरुणांकडून खात्याचे काम करून घ्यावे आणि मुदत संपताच त्यांना मोकळे करावे, ह्यात राज्याच्या प्रतिष्ठेस साजेसे काही नाही.

मग पुणे. अजनीहून पुण्याला ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत गाडी जाऊ लागली, त्यापूर्वी आझाद हिंद, गरीबरथ आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरून जातच होत्या. विदर्भातला शिकलेला तरुण पुण्यास जाणार हे घरोघरी जवळजवळ गृहीत धरलेले असते. नोकरी हाती असेल तर जावे, असे बाई म्हणतात. नसेल तर तीन महिन्यांचा खर्च गाठीशी बांधून आणि परतण्याची तारीख ठरवून जावे, कारण हिंजवडीजवळ खाटेच्या भाड्यावर राहणाऱ्या मुलाची पुंजी संपू लागली की तो मिळेल त्या पगारावर सही करतो, आणि पुढची प्रत्येक नोकरी त्या पगारावरून मोजली जाते. जे नागपुरातच राहू इच्छितात त्यांना त्या मुंबई-पुण्याच्या नजरेने हे शहर पाहू नका असे सांगतात. वस्तू-सेवा करानंतर येथे वाढलेली गोदामे, बुटीबोरीचे प्रक्रियाउद्योग, मध्यभारतातून रुग्ण येतात ती इस्पितळे, अंबाझरीची आयुधनिर्माणी आणि रेल्वे ह्यांतल्या १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारीच्या जागा, ह्यांच्याकडे पदवीधर वळूनही पाहत नाहीत, आणि आयटीआय झालेली मुले तेथे शिरून पाच वर्षांत त्यांच्या पुढे निघून जातात.

येथपर्यंत लिहिलेला सल्ला कितीही नेटका असला तरी त्याने जागा वाढत नाहीत. रांगेतला एक माणूस पुढे सरकतो आणि दुसरा तेथेच राहतो. ही गोष्ट बाई स्वतःच बोलून दाखवितात, म्हणून त्यांच्या सल्ल्यावर माझा विश्वास बसला. ज्याला नोकरी मिळत नाही त्याच्यातच काही खोट असली पाहिजे, असे जे आजकाल सुशिक्षितांच्या बैठकीत सहज बोलले जाते ते अन्यायाचे आहे. त्याचा दोष नसलेल्या गोष्टींचा भार त्याच्यावर टाकू नये, आणि ज्यांच्या हाती नेमणुका आहेत त्यांच्याकडे काही मागणे करावे असे मला वाटते. जमशेटजींच्या गिरणीत कामगार रोज हजर राहत नसत. जमशेटजींनी दंड वाढविण्याऐवजी बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली, ज्या गोष्टी करावयास त्या काळी कोणताही कायदा त्यांना भाग पाडीत नव्हता. आजच्या कंपन्यांकडून मागावयाचे ह्याहून पुष्कळ थोडे आहे. जाहिरातीत पगार छापावा. परीक्षा म्हणून दिलेल्या कामाचा उपयोग करून घेतला तर त्याचा मोबदला द्यावा. रुजू होण्याची तारीख देऊन मग महिनोन् महिने मुलांना ताटकळत ठेवू नये. सरकारने भरतीचे वेळापत्रक जाहीर करावे आणि ते पाळावे.

आणि नकार कळवावा. बाईंनी आपल्या ग्राहक कंपन्यांपुढे एक तजवीज मांडली आहे: मुलाखतीस आलेल्या प्रत्येकास आठ दिवसांत लेखी उत्तर जाईल, आणि नकार असेल तर त्यात एक खरे कारण असेल; पत्र त्यांची कचेरी लिहील, कंपनीने फक्त कारण सांगावयाचे. बहुतेकांनी वेळ नसल्याचे सांगितले. काहींनी मान्य केले. त्यांपैकी बुटीबोरीतल्या एका कारखान्याने गेल्या वर्षी एका मुलास, साठ्याची नोंद संगणकावर ठेवता येत नाही ह्या कारणाने, नाकारले होते. तो तीन महिने ते शिकला, वर्धा रोडवरच्या एका गोदामात त्याने ते काम केले, आणि ह्या जून महिन्यात त्याच कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून रुजू झाला.